उलट्या रेघांची भिंत

"ही भिंत भेसळीची आहे," बर्वेसर म्हणाले आणि छत्रीच्या टोकानं त्यांनी वाचनालयाच्या खिडकीखालचा दगड दोनदा ठोकला.

मी त्यांच्या पायाशीच उकिडवा बसलो होतो. तीन दिवस त्या भिंतीचा चुना खरवडत होतो. पुण्याहून हे इतिहासाचे प्राध्यापक येणार, त्यांना दगड उघडा दिसला पाहिजे, म्हणून नगरपालिकेनं मला रोजावर घेतलं होतं. भुवयांत चुना, मिशीत चुना, कानात चुना. भिंतीच्याच रंगाचा झालो होतो, म्हणून मी तिथं आहे हे कुणाच्या ध्यानात नव्हतं.

"भेसळीची म्हणजे?" नगराध्यक्ष निकमांनी विचारलं. विचारताना चेहरा असा खुलला, जणू पोरगी पसंत पडल्याचा निरोप आला.

"दगडावर छिन्नीच्या रेघा दिसतात ना? सगळ्या इमारतीत त्या वर उजवीकडून निघून खाली डावीकडे उतरतात. समोरचा हॉल घ्या, मनोरा घ्या, पूर्वेची तुमची कचेरी घ्या. आणि इथं, या खिडक्यांखालच्या चार थरांत, बरोबर उलट्या. म्हणजे हे दगड दुसऱ्या कुठल्या तरी पडक्या बांधकामाचे. मागाहून कुणीतरी आणले आणि उलटे बसवले. अडाणी हातांचं काम आहे."

"म्हणजे वाचनालयाची बाजू मूळची नाही."

"माझ्या मते नाही."

"मग पाडायला हरकत नाही."

बर्वेसरांनी छत्री काखेत घेतली. "ते माझं काम नव्हे. कुठला भाग मूळचा आणि कुठला नंतरचा, एवढंच मी लिहून देणार."

निकमांना तेवढंच हवं होतं. नांदणगावची ही दगडी इमारत जुनी, तिच्या मूळ भागाला हात लावू नये, मागाहून जोडलेल्या भागाचं काय ते नगरपालिकेनं ठरवावं, असं वरून पत्र आलं होतं. वाचनालयाच्या जागी बारा गाळ्यांचा नकाशा निकमांच्या टेबलाच्या काचेखाली आधीच पडला होता. मी माझ्या डोळ्यांनी पाहिला होता. गाळा नंबर चार, पाच आणि सहावर त्यांच्या तीन मेव्हण्यांची नावं पेन्सिलीनं लिहिलेली होती.

"अडाणी कोण?" मी विचारलं.

सगळे इकडंतिकडं बघायला लागले.

"खाली बघा."

बर्वेसर दचकून मागं सरले. माणूस भला होता. "तुम्हाला नाही हो म्हणालो मी."

"मला म्हणाला असता तर चाललं असतं. मी चौथी नापास आहे. पण या थरांत सुई जाईल एवढी फट दाखवा. अडाण्याचा सांधा असा बसतो?"

"नरसू," निकम म्हणाले, "तू चुना खरवड. इतिहास सर खरवडतील."

सगळे हसले. बरोबरचे दोन नगरसेवक जरा जास्तच हसले. सर म्हणाले, शनिवारी अकरा वाजता येऊन अहवालावर सही करतो. तो गुरुवार होता.

ही सन सत्त्याऐंशीची गोष्ट. मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो. नाव नरसू आलकुंटे, जात वडार, काम खाणीत दगड फोडायचं, आणि दुपारच्या सुट्टीत काम त्या पश्चिमेच्या खिडकीशी बसून पुस्तकं वाचायचं. शाळेशी माझं जमलं नव्हतं. मास्तरांनी माझ्या बोटांवर लाकडी पट्टी मोडली, तिचे दोन तुकडे खिडकीतून फेकून मीही पळालो, तो परत गेलो नाही. वाचायला शिकलो तो या वाचनालयात. ग्रंथपाल हुसेन इनामदार, सगळे त्यांना चाचा म्हणायचे, त्यांनी मला आठ वर्षं त्या बाकावर बसू दिलं. कपड्यांवरची धूळ झाडून ये, एवढीच अट. पुढं त्यांनी वह्याही दिल्या. मी लिहायला लागलो, पण फार हळू. एक पान उतरायला अख्खी दुपार जायची आणि अक्षर म्हणाल तर मुंग्या चिरडल्यासारखं. चाचा म्हणायचे, "मियाँ, लिहितोस की दगड फोडतोस?"

तर तो बाक, ती खिडकी आणि खिडकीतून दिसणारा ओढा, एवढीच माझी शाळा. तिचे गाळे होणार होते.

इमारत कुणी बांधली, ते गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. संस्थानचं दप्तर जळालं, तेव्हा तिचे कागदही जळाले म्हणे. मोठ्या दाराच्या कमानीत एक दगडी पाटी होती, चांगली दोन हात रुंद, कडेनं नक्षीची चौकट, आणि मधे काही नाही. कोरी. त्या कोऱ्या पाटीवर गावानं तीन गोष्टी रचल्या होत्या. एक, राजा आणि गोरा साहेब भांडले, कुणाचं नाव वर यावं यावरून. दोन, साहेबाची मडम वारली, तिचं नाव कोरताना साहेबाला रडू फुटलं. तीन, पायात सात माणसं जिती पुरली आहेत, नाव कोरलं की ती उठतील. तिन्ही गोष्टी लोक चवीनं सांगायचे. राजा होता, साहेब होता, मडम होती, भुतंसुद्धा होती. दगड घडवणारं माणूस मात्र एकाही गोष्टीत नव्हतं. दगड जणू आपले आपण खाणीतून चालत आले आणि एकमेकांच्या डोक्यावर बसले.

संध्याकाळी घरी गेलो, तर आई दारात कुणाचा तरी पाटा टाकवत बसलेली. गुळगुळीत झालेल्या पाट्याला छिन्नीनं पुन्हा दात पाडायचे, हा तिचा धंदा. साठीची बाई, नाव तिम्मव्वा, पण हातोडी अशी चालायची की गल्लीतली पोरं त्या ठेक्यावर नाचायची. घरात आम्ही वडारी बोलतो. इथं मराठीत लिहितोय.

"तोंड कशानं सुजलंय?" तिनं विचारलं.

"वाचनालय पाडणारेत."

"तुझं?"

"माझं कशाचं? गावाचं."

"मग गावाचं तोंड सुजू दे की. तुझं कशापायी?"

मी सगळं सांगितलं. ती पाट्यावरून मान वर न करता ऐकत होती. मी उलट्या रेघांवर आलो आणि हातोडी थांबली.

"कशा उलट्या? काढून दाव."

खाली दगडाची पांढरी भुकटी पडली होती. तिच्यात मी बोटानं रेघा ओढल्या. डावीकडून वरून निघून उजवीकडं खाली येणाऱ्या.

"किती थर?"

"चार."

"कुठल्या अंगाला?"

"मावळतीच्या. खिडक्यांच्या खाली."

"खिडक्यांच्या समूर वढा हाय?"

"आहे. तुला कसं ठाऊक?"

माझी आई जन्मात त्या इमारतीत गेली नव्हती. बाजाराला जायची ती पलीकडच्या रस्त्यानं. ती भुकटीतल्या रेघांकडं बघत राहिली आणि मग हसायला लागली. हसता हसता ठसका लागला, मी पाणी दिलं, पाणी पिऊन पुन्हा हसली.

"अगं, झालं काय हसायला?"

"शनवारी मला तिथं ने."

"कशाला?"

"तुझ्या परपेसराला बघायचंय," एवढंच म्हणाली आणि पाटा पुढं ओढला. मी शुक्रवारभर पिच्छा पुरवला. बाईनं तोंड उघडलं नाही.

शनिवारी ती नवं लुगडं नेसून आली. पदरात छिन्नी आणि हातोडी बांधलेली. निकम, दोन नगरसेवक आणि बर्वेसर खिडकीपाशी उभे होते. चाचा टेबल-खुर्ची बाहेर काढून बसले होते. त्यांचं अक्षर गावात सगळ्यांत चांगलं, म्हणून जागेवरचा पंचनामा लिहायचं काम त्यांच्यावर पडलं होतं. ज्या खोलीत चाळीस वर्षं काढली, तिच्या मरणाचा कागद त्यांनाच लिहायचा होता. बिचारे पेन उघडत होते आणि मिटत होते.

"ही कोण?" निकमांनी मला विचारलं.

"मला इचारा की, मला जीभ हाय," आई म्हणाली. "ह्येची आय. पाटं टाकवती."

"आमचे पाटे घरी आहेत, बाई. इथं सरकारी काम चाललंय."

आई त्यांना वळसा घालून भिंतीशी गेली. आधी लांबून पाहिलं. मग पुढं होऊन पंजा दगडावर ठेवला, सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवला. आमच्यात आजीला अव्वा म्हणतात. तिनं भिंतीला हाक मारली, "अव्वा, हितं बसली हुतीस व्हय गं?"

निकमांनी डोक्यापाशी बोट फिरवून नगरसेवकांना डोळा मारला. तेवढ्यात आईनं मला सांगितलं, "एक दगुड आण."

मागच्या अंगणात पडलेली वीतभर रुंदीची एक फरशी मी आणली. ती खाली मांडी घालून बसली. छिन्नी उजव्या मुठीत धरली, हातोडी डाव्या हातात घेतली, आणि सुरू झाली. टक, टक, टक. चाळीसेक घाव घातले असतील. फुंकर मारली आणि फरशी बर्वेसरांच्या पुढ्यात सरकवली.

सर गुडघ्यावर बसले. पांढरं धोतर चुन्यात गेलं, त्यांना भान नव्हतं. फरशी बघायचे, भिंत बघायचे. भिंतीवरच्या रेघा आणि फरशीवरच्या रेघा, एकाच तिरकसपणानं उतरलेल्या.

"डावखुरा हात," ते हळूच म्हणाले. "अरे देवा. डावखुरा हात."

"ही जादू झाली," निकम म्हणाले. "सर, तुम्हीच म्हणाला होता, दगड उलटा बसवला की रेघ उलटी दिसते."

"हो, तेही शक्य आहेच," सर सावरले. "बाई, उजव्या हातानं घडवलेला दगड जर उलटा बसवला..."

"मग हा उलटा करा," आई म्हणाली.

सरांनी फरशी अर्धी फिरवली. खालची कड वर, वरची कड खाली. बघितलं. पुन्हा फिरवली. तिसऱ्यांदा फिरवली. रेघ होती तशीच. डावीकडून वर, उजवीकडं खाली. कितीही वेळा उलटा, तिरकी रेघ आपला तिरकसपणा सोडत नाही. मलाही हे तेव्हाच पहिल्यांदा कळलं, खोटं कशाला सांगू.

"आडवा दगड उभा केला तर?" निकम म्हणाले. निकम मूर्ख नव्हते.

"तर बदलंल की," आई म्हणाली. "पर दोन हात लांब न् वीतभर उंच दगुड उभा करून थर लावणारा गवंडी कुठं घावला तर मला बी दावा. पाया पडती त्येच्या."

एक नगरसेवक खुदकन हसला आणि निकमांनी पाहिल्यावर खोकला.

बर्वेसर उठले. "मान्य. हे डावखुऱ्या कारागिराचं काम आहे आणि उत्तम काम आहे. पण बाई, खरा प्रश्न वेगळाच आहे. हा कारागीर इमारत बांधताना होता, की वीस-तीस वर्षांनी दुरुस्तीला आला? हे जोवर ठरत नाही, तोवर मला ही बाजू मूळची म्हणता येत नाही."

निकमांनी घड्याळात पाहिलं. चाचांनी पेन मिटलं. मी आईकडं पाहिलं.

"कारागीर न्हवता," ती म्हणाली. "बाई हुती. माझ्या बाची आय, येंकव्वा. नवऱ्याचा हात दगडाखाली चेंगारला, तवा त्येच्या नावावर ही बसायची. बाईनं दगडमातीच्या पाट्या व्हायच्या, छिन्नी धरायची न्हाई, असा मुकादमाचा कायदा. म्हणून तिला मावळतीच्या अंगाला बसवली, वढ्याकडं, गोणपाटाचा आडोसा करून. साहेब तपासायला आला की हिनं पाटी डुईवर घिऊन हुबं ऱ्हायचं. दोन वर्सं असं केलं तिनं. मला छिन्नी तिनंच दिली. माझी डावी बघून लोकं नाकं मुरडायची, तीन ठिकाणची सोयरीक मोडली, तवा म्हणायची, 'माझी रेघ नांदणगावात चार थर हाय, कुणाच्या बाला पुसता आली न्हाई.' मला वाटायचं, म्हातारी बढाया मारती."

"पण हा पुरावा नव्हे हो," सर म्हणाले. आवाज मऊ होता, पण म्हणाले तेच.

"दम धरा की. साहेबाला म्होरल्या कमानीसाठी पाटी पायजे हुती, चौकटीची. मुकादमाच्या एका बी बाप्याला ती साफ जमंना. मग ती येंकव्वानं घडवली. ती बी तिचीच हाय. चढा न् बघा."

सगळे वळसा घालून मोठ्या दाराशी आलो. पाटी पंधरा-सोळा फूट उंच, पारव्यांच्या विष्ठेनं आणि काजळीनं लिंपलेली. खालून छिन्नीची एकही रेघ दिसत नव्हती. बर्वेसरांनी त्या पाटीवर अहवालात अख्खं पान लिहिलं होतं, पण चढून कुणी पाहिलं नव्हतं. ते, निकम, गाव, कुणीच नाही.

शिडी लावली. चाचांनी पातळ कागद दिला आणि जाड पेन्सिल. नाण्यावर कागद ठेवून घासला की छाप उठतो, हे पोरं करतात, तेच करायचं होतं. मी वर गेलो. पारवे फडफडले. ओल्या गोणपाटानं पाटी पुसली, तरी नजरेला नुसता काळा दगड. म्हातारीनं खरंच बढाया मारल्या असल्या तर? माझ्या आईला या माणसांसमोर उभी करून मी तिचं हसं केलं असतं. उजव्या हातानं शिडी धरली, कोपरानं कागद दाबला आणि दुसऱ्या हातानं पेन्सिल आडवी धरून घासायला लागलो.

आधी नुसता राखाडी डाग. मग त्यात एक पांढरी रेघ. मग दुसरी. मग पावसाची सर यावी तशा दहा, वीस, पन्नास. डावीकडून वर, उजवीकडं खाली.

कसा उतरलो आठवत नाही. कागद सरांच्या हातात दिला.

"कागद कसा धरला होतास? वरची बाजू कुठली?" त्यांनी विचारलं.

"कसा बी धरा," आई म्हणाली.

सर पहिल्यांदाच मोठ्यानं हसले. मग मान वर करून कमानीकडं बराच वेळ पाहत राहिले. "पाटी दोन्ही बाजूंनी कमानीच्या दगडांत अडकवली आहे," ते निकमांना म्हणाले. "अख्खी कमान उतरवल्याशिवाय ती मागाहून बसवता येणार नाही. आणि कमान तर मूळची, असं मीच लिहिलंय. एकच हात, तोच काळ. पश्चिमेची बाजू मूळची आहे, निकमसाहेब."

"पण मग पाटी कोरी का राहिली?" चाचांनी विचारलं. सत्तरीला आलेला माणूस, पण पोरासारखा पुढं झुकला होता.

"अक्षरं कोरणारा मिरजंवरनं यायचा हुता. पटकीची साथ आली, त्यो आलाच न्हाई."

"एवढंच?"

"येवढंच."

"आणि पायातली सात माणसं?" नगरसेवकानं विचारलं.

"पुरत्यात कशाला? हितं कामाला माणसं कमी पडत हुती."

बर्वेसरांनी अहवाल काढला, मांडीवर ठेवला आणि त्या ओळीवर पेन टेकवलं. "'अडाणी हातांचं काम' हे शब्द मी खोडतोय, बाई."

"खोडू नगा," आई म्हणाली. "अडाणी कोण, त्येवढं फकस्त नीट लिवा."

सरांनी ते मान खाली घालून ऐकलं. राग आला नाही. उलट म्हणाले, "लिहितो." मी त्या दिवसापासून त्यांना मानतो. चूक कळल्यावर चार लोकांसमोर पेन उचलणारी माणसं मी पुढंही फार पाहिली नाहीत. निकमांनी मात्र दोन मिनिटांत रंग बदलला. म्हणाले, "मी आधीपासून म्हणतच होतो, वाचनालय ही गावाची शान आहे." मी तोंड उघडणार होतो, आईनं पायावर पाय दिला.

चाचांनी पंचनामा लिहिला. त्या दिवशी त्यांचं पेन थांबत नव्हतं. येंकव्वाचं नाव त्यात तीनदा आलं. मग शाईची गादी उघडून आईपुढं ठेवली. "तिम्मव्वाबाई, अंगठा. बायकांचा उजवा घेतात."

"काम कुठल्या हातानं केलं?"

"डाव्या."

"मग उजव्याला काय ठावं? त्यो खोटी साक्ष दील."

तिनं डावा अंगठा गादीत बुडवला आणि कागदावर उमटवला. चाचांनी हसून खाली लिहिलं, निशाणी डाव्या अंगठ्याची.

मग साक्षीदार म्हणून माझी सही. मी पेन उजव्या हातात घेतलं आणि तसाच थांबलो. मास्तरांनी पट्टी मोडली होती ती माझ्या डाव्या बोटांवर. डाव्या हातानं श्री काढतोस, म्हणून. चौदा वर्षं तो हात मी हातोडीला दिला होता, पहारीला दिला होता, जरा आधी शिडीवर पेन्सिलीलाही दिला होता. अक्षरासाठी मात्र नाही. घरात वहीपुढं एकटा असतानासुद्धा नाही.

मी पेन त्या हातातून या हातात घेतलं.

तो कागद अजून वाचनालयाच्या कपाटात आहे. मधूनमधून काढून बघतो. बाक तोच आहे, खिडकीही तीच, फक्त ओढ्याला आता पाणी कमी. पाटी अजून कोरी आहे आणि मला ती तशीच आवडते. पुढची सगळी पुस्तकं मी इथंच लिहिली आणि ती त्या हातानं लिहिली, ज्यानं त्या दिवशी पहिल्यांदा नाव लिहिलं. चार शब्दांची जागा खाऊन बसलेली ती सही, सगळी अक्षरं मागं झुकलेली, जणू वाऱ्यानं उलटी लोटलेली.

"ही काय सही आहे, मियाँ?" चाचा म्हणाले.

आईला वाचता येत नव्हतं. तिनं कागद हातात घेतला, लांब धरला, भिंतीकडं पाहिलं, पुन्हा कागदाकडं पाहिलं.

"रेघ बरोबर हाय," ती म्हणाली.